हा पाठ घरी वाचून या

आमच्या दहावीच्या वर्गात विज्ञानाच्या पुस्तकातले एक प्रकरण शिकवलेच गेले नाही. बाईंनी पुस्तक उघडले, चार-पाच पाने एकदम उलटली आणि फळ्याकडे वळताना म्हणाल्या, "हा पाठ घरी वाचून या. परीक्षेला त्यावर फारसे येत नाही." मुलांच्या बाकांवर हलकीशी खसखस पिकली. आम्ही मुली मान खाली घालून बसलो. त्या संध्याकाळी मी तो पाठ खरोखरच घरी वाचायला घेतला. आई जवळ आली तेव्हा पान हाताने झाकले. तिने काय ते ओळखले असावे, ती एवढेच म्हणाली, "ते शाळेत शिकवतील." शाळेने घराकडे बोट दाखवले होते आणि घराने शाळेकडे. मला पाळी येऊ लागून तेव्हा तीन वर्षे झाली होती.

ही आठवण काही माझ्या एकटीची नाही. या अंकाच्या वाचक भगिनींपैकी अनेकींना आपला वर्ग, आपल्या बाई आणि ती न उघडलेली पाने आठवतील. ही पाने इतकी जड का झाली, याचा शोध घ्यावा असे मात्र मला फार उशिरा वाटले, आणि तेही एका एस.टी.च्या प्रवासात.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी एका परिचितांकडील लग्नासाठी बुलढाणा जिल्ह्यातील सोनाळा या गावी जाण्याचा योग आला. शेगावहून वरवट बकालच्या रस्त्याने गाडी निघाली की कपाशीची काळी शेते मागे पडत जातात आणि समोर सातपुड्याची निळसर रांग वर येऊ लागते. संग्रामपूर तालुक्यातील हे गाव त्या रांगेच्या पायथ्याशी आहे. संत सोनाजी महाराजांच्या देवस्थानामुळे पंचक्रोशीला ते परिचित. गावाच्या पलीकडे अंबाबरवाचे जंगल. माझ्या शेजारी एक वृद्ध बाई बसल्या होत्या. बोलता बोलता नातीच्या शाळेचा विषय निघाला. नात महिन्यातून तीन-चार दिवस शाळेत जात नाही, विचारले तर पोट दुखते म्हणते, असे त्या सांगू लागल्या, आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आमच्या वक्ताले न्हान आलं का मखर करत, बाई. साऱ्या गल्लीले मालूम. आता पोरगी मायलेबी सांगत नाही."

मी चकित झाले. आपण सारे असे धरून चालतो की पूर्वी सगळे झाकलेले होते आणि आता हळूहळू उघड होत आहे. या आजी तर नेमके उलटे सांगत होत्या.

त्यांचे म्हणणे इतिहासाला धरून होते. महाराष्ट्रातील अनेक जातींत मुलीला 'न्हाण आले' की तिला मखरात बसवीत. नातलग स्त्रिया गोडधोड घेऊन येत, ओटी भरत, गाणी म्हणत. 'ऋतुप्राप्ती', 'ऋतुशांती' हे शब्द पोथीतले. 'पदर आला', 'शहाणी झाली' हे घरातले. या उत्सवाचे कारण साधे होते. मुलीचे लग्न सातव्या-आठव्या, फार तर दहाव्या-अकराव्या वर्षी होऊन गेलेले असे. न्हाण आले याचा अर्थ ती आता सासरी नांदायला जाण्याजोगी झाली. ती वार्ता मुलीच्या देहाची नव्हती, दोन कुटुंबांमधल्या व्यवहाराची होती, आणि व्यवहार नेहमी चारचौघांसमोर होतो. याच स्त्रीला पुढे दर महिन्याला 'बाहेर' बसावे लागे, तिचा 'विटाळ' होई आणि लहान मुलांना 'आईला कावळा शिवला' असे सांगितले जाई. पहिल्या वेळी मखर आणि पुढच्या प्रत्येक वेळी कोपरा, अशी ती रीत.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत हा विषय घराच्या उंबरठ्याबाहेर आला, तोही भलत्याच मार्गाने. १८८४ साली बेहरामजी मलबारी यांनी बालविवाहाविरुद्ध आपली टिपणे प्रसिद्ध केली. त्याच सुमारास मुंबईत रखमाबाईंचा खटला उभा राहिला. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या मुलीने मोठेपणी नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला आणि १८८७ साली न्यायालयाने तिला नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा, असे फर्मावले. पुढे तडजोड झाली. रखमाबाई विलायतेस गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत व राजकोट येथे स्त्रियांवर उपचार करीत त्यांनी आयुष्य घालवले. १८९० साली बंगालमध्ये फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजबरीने मरण पावली. तेव्हा सरकारने संमतिवयाचा कायदा आणला व १८९१ मध्ये ही मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली.

त्या वेळी पुण्यात जे रान उठले ते आजच्या वाचकाला विचित्र वाटेल. न्हाण आल्यावर गर्भाधानविधी करणे ही धर्माची आज्ञा आहे, सरकारने त्यात पडू नये, असे टिळकांच्या बाजूचे म्हणणे. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी शास्त्रवचने उलगडून दाखवली आणि प्रौढ विवाहास धर्माचा अडसर नाही असे मांडले. आगरकर तर शास्त्राच्या आधाराची गरजच मानीत नव्हते. वर्तमानपत्रांतून, सभांतून महिनोन्‌महिने मुलीला ऋतू कोणत्या वर्षी येतो, उष्ण देशात तो लवकर येतो काय, याची उघड चर्चा चालली. चर्चा करणारे जवळजवळ सारे पुरुष. ज्यांच्याविषयी ती चालली होती त्या मुलींपैकी कितींना कोणी काही समजावून सांगितले असेल?

एस.टी.तल्या आजींना मी तेच विचारले. न्हाण येण्याआधी तुम्हाला कोणी सांगितले होते का? त्या हसल्या. "कोन सांगन? मले तं वाटलं काहीतरी लागलं." ज्या मुलीसाठी मखर सजले, तिला ते कशासाठी सजले हे ठाऊक नव्हते.

तेव्हा पूर्वी उघडपणा होता म्हणून आपण हुरळून जाण्याचे कारण नाही. गाजावाजा होता, ज्ञान नव्हते. आणि या अज्ञानाची किंमत किती मोठी आहे हे ज्यांनी फार लवकर ओळखले त्यांत पंडिता रमाबाईंचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे पुण्यात साक्ष देताना अवघ्या चोवीस वर्षांच्या रमाबाईंनी स्त्री-डॉक्टरांची मागणी केली. आपल्या देशातील स्त्रिया पुरुषापाशी आपले दुखणे बोलण्यापेक्षा मरण पत्करतात आणि म्हणूनच अकाली मरतात, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. शिक्षण आयोगापुढे हे सांगितले गेले हे मला फार महत्त्वाचे वाटते. बोलायला शब्द नसणे हाही शिक्षणाचाच प्रश्न आहे, हे रमाबाईंनी त्या काळी जाणले होते.

एक गोष्ट येथे सहज निसटते. १८४८ साली पुण्यात फुले दांपत्याने शाळा काढली तेव्हा तिथे येणाऱ्या मुली लहान होत्या, आणि त्या काळच्या बहुतेक मुली वयात येण्यापूर्वीच सासरी जात. शाळेच्या बाकावर पाळी येणारी मुलगी बसते आहे, हे दृश्य आपल्याकडे त्या मानाने अगदी नवे आहे. १८८४ साली हुजूरपागेची शाळा निघाली, १९१६ साली अण्णासाहेब कर्व्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले, १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा झाले, १९७८ साली ते अठरावर गेले. लग्न पुढे ढकलले गेले तसे न्हाण लग्नापासून सुटे झाले. मखर मोडले ते बरेच झाले. पण मखराच्या जागी काहीच आले नाही. घराला आता वार्ता सांगण्याचे कारण उरले नव्हते आणि शाळेला ती ऐकण्याची तयारी नव्हती. कर्व्यांच्या विद्यापीठात आरोग्यशास्त्र व गृहशास्त्र यांना अभ्यासक्रमात मानाचे स्थान मिळाले खरे, परंतु त्या वर्गापर्यंत पोहोचणाऱ्या मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

अण्णासाहेबांच्याच थोरल्या चिरंजिवांनी हे मौन मोडायचा जो हट्ट धरला त्याविषयी लिहिताना कॅथॉलिक लेखणी थोडी अडखळते. प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. त्यापायी त्यांना विल्सन या मिशनच्या महाविद्यालयातील गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. १५ जुलै १९२७ रोजी त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढले आणि १९५३ च्या ऑक्टोबरात मृत्यू येईपर्यंत ते चालवले. ख्रिस्तसभेची संततिनियमनाबाबतची शिकवण आणि कर्व्यांचे विचार यांचा मेळ बसणे शक्य नव्हते. धर्मसंस्थांविषयी त्यांची भाषाही बोचरी असे. ते मतभेद आहेत तसेच राहोत. परंतु शरीराची माहिती असणे म्हणजे पाप नव्हे आणि अज्ञान म्हणजे पावित्र्य नव्हे, या एका मुद्द्यावर आम्ही त्यांचे ऋणी आहोत असे मला प्रामाणिकपणे वाटते.

कर्व्यांच्या मासिकात वाचकांच्या पत्रांना उत्तरे देणारे सदर असे. घरी विचारता येत नाही, डॉक्टरांना विचारवत नाही, असे प्रश्न लोक लिहून पाठवीत आणि कर्वे गणित सोडवावे तशी कोरडी, नेमकी उत्तरे देत. १९३१ साली एका लेखावरून अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ साली पुन्हा खटला झाला तो याच प्रश्नोत्तरांवरून. त्या वेळी त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक ज्ञान देणे हाच ज्या मासिकाचा हेतू, त्याने वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे दिली तर त्यात अश्लील काय, असा त्यांचा युक्तिवाद होता. खटला हरला, दोनशे रुपये दंड भरावा लागला. प्रश्न विचारणारे अपराधी नव्हते, उत्तर देणारा अपराधी ठरला. दहावीच्या आमच्या बाईंना हा खटला ठाऊक असण्याचा संभव नाही, पण त्याची धास्ती त्यांच्यापर्यंत कशी कोण जाणे पोहोचली होती.

आता थोडे आपल्या घरात डोकावू. आपल्या मंदिरात विटाळ पाळत नाहीत, हे आपण कधी अभिमानाने तर कधी नुसतेच सवयीने सांगतो. ते इतके सहज घडलेले नाही. लेवीय ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायात रजस्वला स्त्री सात दिवस अशुद्ध मानली आहे. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचे महागुरू डायोनिसियस यांनी अशा दिवसांत स्त्रीने ख्रिस्तशरीराजवळ येऊ नये असे लिहिले. त्याच शतकातील एका सीरियन धर्मग्रंथाने मात्र स्त्रियांना विचारले की या दिवसांत पवित्र आत्मा तुम्हाला सोडून जातो असे तुम्ही समजता काय? वाद मिटला नव्हता. इ.स. ६०१ च्या सुमारास इंग्लंडमध्ये सुवार्ताप्रसार करणाऱ्या संत ऑगस्टिन यांनी पोप थोर ग्रेगरी यांना हाच प्रश्न लिहून विचारला. ग्रेगरींचे उत्तर आठव्या शतकातील इंग्लिश इतिहासकार संत बीड यांच्या ग्रंथात जतन झाले आहे (आपल्या बीड जिल्ह्याशी त्यांचा काही संबंध नाही). निसर्गाने जे घडते तो स्त्रीचा दोष नव्हे, तिला मंदिरात येण्यास मनाई करू नये, ख्रिस्तप्रसाद घेण्यासही करू नये. ती आपणहून आदराने थांबली तर स्तुत्य, पण घेतला तर तिला दोष देऊ नये, असे ते उत्तर आहे. त्या एका 'पण'मध्ये जुनी कुजबुज थोडी शिल्लक राहिलीच, आणि पुढे कित्येक शतके ती अधूनमधून डोके वर काढीत राहिली. तरीही ग्रेगरींनी ज्या शुभवर्तमानाचा आधार घेतला तो पाहण्याजोगा आहे. बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेली स्त्री येशूच्या वस्त्राला शिवली, ती जर वाखाणण्याजोगी ठरते, तर इतरांना दूर का ठेवावे?

मार्कच्या पाचव्या अध्यायातील ही कथा आपण दरवेळी ऐकतो, पण ती याइराच्या मुलीच्या कथेत गुंफलेली आहे आणि ती मुलगीही बारा वर्षांची आहे, याकडे आपले लक्ष जातेच असे नाही. एकीच्या दुखण्याला बारा वर्षे झाली आहेत, दुसरीचे वयच बारा. वयात येण्याच्या उंबरठ्यावरच्या त्या मुलीला हात धरून उठवल्यावर येशूने तिच्या आईबापांना सांगितले ते एवढेच की तिला काहीतरी खायला द्या. वाढत्या वयाच्या, रक्त कमी असलेल्या मुलीच्या ताटाकडे पाहताना मला ही आज्ञा नेहमी आठवते.

ख्रिस्तसभेची अधिकृत भूमिका याबाबत आपल्यापेक्षा पुढे आहे, हेही सांगितले पाहिजे. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात मुलांना त्यांच्या वयानुसार सकारात्मक आणि विवेकी लैंगिक शिक्षण मिळावे असे म्हटले आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या 'आमोरिस लेटिशिया'च्या सातव्या अध्यायात त्याचीच आठवण देऊन आपल्या शिक्षणसंस्थांनी हे आव्हान पेलले आहे काय, असा थेट प्रश्न केला आहे. आपल्या किती शाळांनी तो स्वतःला विचारला?

शाळांचा पुढचा इतिहास लवकर सांगता येईल, कारण त्यात घडले थोडे. १९४९ साली मुंबईत भारतीय कुटुंब नियोजन संघटना स्थापन झाली आणि तिच्यामार्फत शहरांतील काही शाळा-महाविद्यालयांत व्याख्याने होऊ लागली. विज्ञानाच्या पुस्तकात प्रजननसंस्थेची आकृती आली. पुढे नॅपकिन बनवणाऱ्या कंपन्यांचे प्रतिनिधी शाळांत येऊ लागले. मुलांना मैदानावर सोडायचे, दारे-खिडक्या लावायच्या, मुलींना एक फिल्म दाखवायची आणि एक पुस्तिका व एक पाकीट द्यायचे, असा तो कार्यक्रम असे. काही न मिळण्यापेक्षा ते बरेच म्हणायचे. पण मैदानावर सोडलेल्या मुलांना त्या दिवशी एवढेच कळले की बंद दारामागे काहीतरी हसण्यासारखे चालले आहे.

मग २००५ साली केंद्र सरकारने किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आखला. शरीरातील बदल, पाळी, एड्सचा धोका, अशा विषयांसाठी शिक्षकांना साहित्य तयार करून देण्यात आले. त्यातील काही चित्रांवरून गदारोळ झाला आणि २००७ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळात विरोध होऊन राज्यात तो कार्यक्रम थांबवण्यात आला. गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक अशा इतर राज्यांतही तेच घडले. २००९ साली राज्यसभेच्या याचिका समितीनेही शाळांतून लैंगिक शिक्षण नको असा अहवाल दिला. चित्रे आक्षेपार्ह असतील तर बदलता आली असती. पण चित्रांबरोबर पाठही गेला, आणि पाळीचा साधा धडा, ज्यावर कोणाचाच आक्षेप नव्हता, तोही त्या गाठोड्यात बांधला गेला. पुणे-मुंबईच्या मुलीला एखादी वाचलेली आई, एखादे मासिक, एखादी डॉक्टर मावशी मिळून जाते. सोनाळ्यासारख्या ठिकाणी शाळेशिवाय दुसरे दार कोणते?

यानंतर एक गमतीशीर गोष्ट घडली. शब्द बोलणे जमेना म्हणून सरकारने वस्तू द्यायला सुरुवात केली. २०११ साली केंद्राने ग्रामीण मुलींसाठी सहा नॅपकिनांचे पाकीट सहा रुपयांत देण्याची योजना आणली. आशा कार्यकर्तीने ते घरोघर पोहोचवायचे. ८ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र सरकारने 'अस्मिता' योजना सुरू केली. जिल्हा परिषद शाळांतील मुलींना आठ नॅपकिनांचे पाकीट पाच रुपयांत, बचतगटांच्या महिलांमार्फत. त्याच वर्षी जुलैत नॅपकिनवरचा जीएसटी रद्द झाला. या सर्वांचा परिणाम झाला हे नाकारता येणार नाही. पंधरा ते चोवीस वर्षे वयाच्या तरुणींपैकी आरोग्यास सुरक्षित साधने वापरणाऱ्यांचे प्रमाण २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत देशभरात ५७.६ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ७७.३ टक्के झाले. परंतु २०१६ साली भारतातील १३८ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा असे दिसले की पहिली पाळी येण्यापूर्वी तिच्याविषयी काही माहिती असलेल्या मुली सुमारे निम्म्याच होत्या, आणि ज्यांना ती होती त्यांना शिक्षकाकडून मिळाल्याची उदाहरणे थोडी. पाकीट पोहोचले, पाठ पोहोचला नाही. एस.टी.तल्या आजींना जे वाटले होते तेच त्यांच्या पणतीच्या वयाच्या मुलींपैकी निम्म्यांना वाटत राहिले.

आणि पाकिटालाही पाणी लागते, आडोसा लागतो. शिक्षणहक्क कायद्याने २००९ मध्ये मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह बंधनकारक केले. कागदावर ते झालेही. पण संग्रामपूर तालुक्याच्या पूर्णेकडील भागात, ज्याला खारपाणपट्टा म्हणतात, तेथे विहिरीचे पाणी पिववत नाही. वान धरणाचे पाणी नळाने आणण्यासाठी मोठी योजना करावी लागली. जिथे पिण्याचे पाणी जपून वापरायचे तिथे शाळेच्या स्वच्छतागृहात बादली भरलेली असेल काय? कापड वापरणाऱ्या मुलीने ते धुऊन उन्हात वाळवले तर त्यात काही वाईट नाही. पण उन्हात दोरीवर टाकायची लाज, म्हणून ते इतर कपड्यांखाली, अंधारात, दमट वाळते आणि मग खाज व जंतुसंसर्ग सुरू होतो. हे सांगायला डॉक्टर लागत नाही. चाळीस मिनिटांचा एक तास लागतो.

शरीर ठाऊक नसण्याचे टोक पाहायचे तर बीडकडे पाहावे. २०१९ साली ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याचे प्रकरण गाजले. शासनाच्या समितीसमोर आलेल्या आकडेवारीनुसार ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. गरिबी, मुकादमाचा दंड, काही डॉक्टरांचा लोभ अशी त्याची कारणे होती, आणि ती शाळेतल्या एका पाठाने दूर झाली नसती. परंतु ज्या अवयवाचे नाव कधी मोकळेपणाने ऐकले नाही, तो 'आता काही कामाचा नाही' असे कोणी सांगितले तर त्यावर प्रतिप्रश्न तरी कसा करायचा?

जुलै २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील शहापूरच्या एका खासगी शाळेत जे घडले ते वाचून माझ्या डोळ्यांसमोर पुन्हा तो दहावीचा वर्ग आला. शौचालयात रक्ताचे डाग दिसले. पालकांच्या तक्रारीनुसार पाचवी ते दहावीच्या मुलींना सभागृहात गोळा करण्यात आले, डागांची छायाचित्रे प्रोजेक्टरवर दाखवली गेली, कोणाला पाळी आहे ते विचारले गेले आणि नाही म्हणणाऱ्या काही मुलींची तपासणी करण्यात आली. मुख्याध्यापिकेस व एका सेविकेस अटक झाली. पाळी या विषयासाठी त्या मुलींना एकत्र बसवले गेले, पडद्यावर चित्र लागले, ते या कामासाठी. एकेका मुलीला घरी जाऊन हे आईला सांगावे लागले असेल. त्यांनी सांगितले, आणि आया रस्त्यावर आल्या, हे मात्र माझ्या आईच्या काळात झाले नसते.

महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकात हा विषय सविस्तर येतो तो दहावीत, विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २ मधील तिसऱ्या प्रकरणात. आकृती चांगली आहे, संप्रेरकांची नावे आहेत, अठ्ठावीस दिवसांचे चक्र आहे. ते वाचणारी मुलगी पंधरा वर्षांची असते आणि पाळी साधारण बाराव्या-तेराव्या वर्षी येते. सातवीनंतर शाळा सुटलेल्या मुलीला तर तो पाठ घरी वाचायलाही मिळत नाही, कारण ते पुस्तकच तिच्या घरी येत नाही. आपल्या धर्मग्रामांच्या शाळांना सहावीच्या वर्गात एक तास काढायला कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागणार नाही. मुलगे मैदानावर जाणार नाहीत, ते वर्गातच बसतील. आधी एका रविवारी मिस्सानंतर आयांना बोलावून काय सांगणार ते सांगावे, म्हणजे संध्याकाळी पान झाकावे लागणार नाही. विदर्भातील शाळा जूनच्या उत्तरार्धात उघडतात, आपल्याकडच्या त्याआधी.